पेटी कोणी आणली?

१७९२ सालचा मे संपत आला होता. न्यूयॉर्क शहरात बारा माणसं एका टेबलाभोवती बसली होती. सहा राज्याच्या सिनेटने पाठवलेली, सहा असेंब्लीने. काम म्हटलं तर हिशेबनिसाचं. काउंटी-काउंटीतून आलेल्या मतांच्या पेट्या उघडायच्या, चिठ्ठ्या मोजायच्या आणि न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर कोण झाला ते सांगायचं. बहुतेक पेट्या बिनबोभाट उघडल्या. तीन पेट्यांपाशी मात्र हात थांबले. ऑट्सेगो, टायोगा आणि क्लिंटन या तीन काउंट्यांच्या त्या पेट्या. चिठ्ठ्या टाकणारे मतदार खरे की खोटे, हा तिथला वाद नव्हता. वाद होता तो पेटी ज्याने आणली त्याला ती आणण्याचा अधिकार होता का, याचा.

समितीने अखेर ठरवलं, नव्हता. तिन्ही काउंट्यांची मतं बाद झाली. उरलेल्या मतांत जॉर्ज क्लिंटन यांना ८,४४० आणि जॉन जे यांना ८,३३२ पडली. क्लिंटन १०८ मतांनी गव्हर्नर झाले. एकट्या ऑट्सेगोतच जे यांना याच्या कितीतरी पट मताधिक्य असणार, हे न्यूयॉर्कच्या राजकारणात कोणाला सांगावं लागत नव्हतं.

‘गव्हर्नर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजभवन, शपथविधी आणि मध्यरात्री निघालेली पत्रं येतात. तो संदर्भ इथे बाजूला ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो आणि कारभार तोच हाकतो. आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याला जवळचा. आपल्या संविधान सभेनेही १९४७ साली राज्यपाल थेट लोकांनी निवडावा असं आधी मान्य केलं होतं. १९४९मध्ये तो विचार सोडून राष्ट्रपतींनी नेमणूक करण्याची पद्धत स्वीकारली. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल, अशा दोन तलवारी एका म्यानात कशा राहायच्या, ही त्यामागची एक चिंता होती. न्यूयॉर्कात तलवार एकच होती. म्हणून तिच्या मुठीसाठी झटापटही तशीच.

या गोष्टीतले दोघेही लहान माणसं नव्हते. जॉर्ज क्लिंटन आयरिश स्थलांतरिताचा मुलगा, वकील, स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी. १७७७ साली न्यूयॉर्कने आपली राज्यघटना केली आणि पहिली निवडणूक घेतली, तेव्हा हडसनकाठच्या बड्या जमीनदारांना वाटत होतं की गव्हर्नर आपल्यातलाच होणार, म्हणजे फिलिप स्कायलर. झाले क्लिंटन. गंमत म्हणजे त्याच निवडणुकीत ते उपगव्हर्नरही निवडून आले होते. ते पद त्यांनी सोडलं. स्कायलर यांनी तेव्हा एका स्नेह्याला पत्र लिहिलं. क्लिंटन यांचं घराणं आणि नातीगोती त्यांना इतक्या मोठ्या जागेवर बसवण्यासारखी नाहीत, असा त्याचा सूर होता. तो स्नेही म्हणजे जॉन जे.

त्यानंतर क्लिंटन पंधरा वर्षं हलले नाहीत. लहान शेतकऱ्यांचा त्यांच्यावर जीव होता. न्यूयॉर्क बंदरातल्या जकातीवर राज्य चालायचं, त्यामुळे जमिनीवरचा कर हलका राहायचा, आणि कर हलका ठेवणाऱ्या माणसाला शेतकरी विसरत नाही. १७८८मध्ये देशाच्या नव्या राज्यघटनेला त्यांनी विरोध केला, कारण ती जकात आता केंद्राकडे जाणार होती आणि राज्याचं वजन घटणार होतं. शिवाय नेमणुका होत्या. शेरीफ, न्यायाधीश, कारकून यांच्या नेमणुका करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष गव्हर्नरच. पंधरा वर्षांत किती घरांत त्या नेमणुकांचा तुकडा पोचला असेल, याचा हिशेब आपल्याकडच्या वाचकाला शिकवायला नको. तरीही १७८९च्या निवडणुकीत रॉबर्ट येट्स यांनी त्यांना दमवलं. क्लिंटन जेमतेम ४२९ मतांनी तरले.

जॉन जे यांची घडण वेगळी. ह्यूगेनॉ वंशाचं सधन कुटुंब, काटेकोर स्वभाव, थोडा कोरडेपणा. १७७७ची न्यूयॉर्कची राज्यघटना मुख्यतः त्यांच्याच हातची. १७८३च्या पॅरिस तहाच्या वाटाघाटींत ते होते, ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतल्या ८५ लेखांपैकी पाच त्यांचे, आणि १७९२मध्ये ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश होते. त्या पदावर असतानाच ते एका राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. आज हे वाचून भुवया उंचावतात. तेव्हा कोणाच्या फारशा उंचावल्या नाहीत. त्या काळी सर्वोच्च न्यायालयाकडे खटले थोडे आणि प्रवास फार. न्यायमूर्तींनी घोड्यावरून, बग्गीतून गावोगाव फिरून न्यायदान करायचं, खाणावळीत मुक्काम करायचा. तीन वर्षं न्यूयॉर्कचं गव्हर्नरपद त्यापुढे प्रतिष्ठेचंही होतं आणि पाठीला सुखाचंही.

जे स्वतः प्रचाराला बाहेर पडले नाहीत. उमेदवाराने दारोदार मतं मागणं हलकं समजलं जाई. ते काम मित्र, नातेवाईक आणि वृत्तपत्रं करीत. त्या वृत्तपत्रांनी काहीही शिल्लक ठेवलं नाही. क्लिंटन यांच्या काळात, १७९१ साली, सरकारी जमीन विभागाने अलेक्झांडर मॅकोम या सट्टेबाजाला ३६ लाख एकरांहून जास्त जमीन एकरी आठ पेन्सने विकली होती, ते प्रकरण जे यांच्या पक्षाने, म्हणजे फेडरलिस्टांनी, उचललं. त्याला उत्तर नियतीने दिलं. मार्च १७९२मध्ये न्यूयॉर्कच्या रोख्यांचा बाजार कोसळला, फेडरलिस्ट वर्तुळातला बडा सट्टेबाज विल्यम ड्युअर कर्जापायी तुरुंगात गेला आणि त्याच्याबरोबर कित्येक विधवांची, दुकानदारांची पुंजी बुडाली. पैसेवाल्यांचा पक्ष म्हणून फेडरलिस्टांकडे बोट दाखवायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. मॅकोमही त्याच पुरात वाहून गेला.

दुसरा वार गुलामगिरीचा. जे हे गुलाममुक्तीसाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या संस्थेचे अध्यक्ष राहिले होते. स्वतःच्या घरात गुलाम असूनही, हे लपवण्यात अर्थ नाही. १७९०च्या जनगणनेत न्यूयॉर्क राज्यात सुमारे २१ हजार माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती, आणि हडसन खोऱ्यातल्या डच शेतकऱ्यांची शेती त्यांच्या घामावर उभी होती. जे निवडून आले तर तुमच्या गोठ्यातून माणसं सोडवून नेतील, वर स्वतःच्या मुलांना शिकवणं जमत नसलं तरी त्यांच्या मुलांना शिकवायला लावतील, असं या शेतकऱ्यांना सांगितलं गेलं. जे यांनी उत्तर दिलं ते त्यांच्या स्वभावासारखं: प्रत्येक माणूस मुक्त असावा हे मला मान्य आहे, पण ते हळूहळू, न्यायाने घडावं. निवडणुकीत असं मधलं उत्तर दोन्हीकडून मार खातं.

मतदान कोणी करायचं, तेही सांगितलं पाहिजे. गव्हर्नर निवडायला १०० पौंडांची स्वतःच्या मालकीची जमीन लागे. राज्याची लोकसंख्या ३ लाख ४० हजार, आणि मोजली गेलेली मतं १७ हजारांच्या आत. स्त्रिया नाहीत, भूमिहीन नाहीत, खंडाने जमीन कसणारेही बहुतेक नाहीत. काळ्या माणसाला मात्र त्या घटनेने रंगावरून अडवलेलं नव्हतं. जमीन असेल तर तो मत देऊ शकत होता. ‘लोकांचा कौल चोरला’ अशी आरोळी पुढे उठली, तेव्हा ‘लोक’ म्हणजे एवढेच होते.

आता ऑट्सेगो. न्यूयॉर्क शहरापासून दूर, सस्क्वेहाना नदी जिथून निघते त्या सरोवराकाठी विल्यम कूपर नावाच्या धडपड्या माणसाने १७८६च्या सुमाराला वसाहत उभारली. हजारो एकर जमीन तुकडे पाडून, उधारीवर त्याने कुटुंबांना विकली. गावाला नाव पडलं कूपर्सटाउन. मूळचा तो साधा कारागीर. इथे येऊन गावाचा मालक, सावकार आणि १७९१ साली वेगळी काउंटी झाल्यावर तिचा मुख्य न्यायाधीश, सगळं एकाच अंगरख्यात. त्याचा धाकटा मुलगा जेम्स फेनिमोर कूपर पुढे अमेरिकेचा पहिला नामवंत कादंबरीकार झाला, आणि बापाची छाया त्याने ‘द पायोनियर्स’मधल्या न्यायाधीशावर पाडली. निवडणुकीत कूपरने जे यांच्यासाठी जीव टाकला. कसा टाकला, ते नंतरच्या चौकशीत साक्षीदारांनी सांगितलं. एका तरुण मतदाराने त्याच्या मनासारखं मत द्यायला नकार दिला, तेव्हा तो म्हणे त्याला मूर्ख म्हणाला. मत कोणाला द्यायचं ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, मी सरकारी पदावरचा माणूस आहे, असं त्याने ऐकवलं. ज्याच्याकडून जमीन उधार घेतली तोच असं बोलतो, तेव्हा चिठ्ठी गुप्त असून काय उपयोग?

त्या काउंटीचा शेरीफ रिचर्ड स्मिथ. मुंबईकर वाचकाला शेरीफ म्हणजे मानाचं, समारंभात मिरवण्याचं पद वाटेल. इथला शेरीफ म्हणजे काउंटीचा हात: अटक, जप्ती, तुरुंग आणि निवडणुकीच्या वेळी मतांच्या पेटीचा पहारा. १७८७च्या निवडणूक कायद्यानुसार प्रत्येक गावच्या निरीक्षकांनी आपल्या चिठ्ठ्या बंद करून शेरीफाकडे द्यायच्या, शेरीफाने सगळ्या एका पेटीत घालून ती न्यूयॉर्क शहरात राज्य सचिवाच्या स्वाधीन करायची. स्मिथ यांची नेमणूक एका वर्षासाठी होती. ती फेब्रुवारी १७९२मध्ये संपली. नव्या शेरीफाचं नाव मार्चअखेर ठरलं, पण त्याने पदभार घेतला तो मेमध्ये, मतं रवाना झाल्यावर. नेमणुकीचा कागद कूपरने मुद्दाम आपल्याकडे दाबून ठेवला, असा क्लिंटन-पक्षाचा आरोप. मधल्या काळात स्मिथ यांनी आणखी एक उद्योग केला: एप्रिलमध्ये ते आपल्या गावाचे पर्यवेक्षक म्हणून निवडून आले आणि कामालाही लागले. राज्यघटनेत स्पष्ट लिहिलं होतं की शेरीफाने त्या काळात दुसरं कुठलंही पद घ्यायचं नाही.

म्हणजे पेटी पाठवली, त्या दिवशी ऑट्सेगोला शेरीफ होता की नव्हता?

टायोगाची कथा याहून साधी. शेरीफाने पेटी एका प्रतिनिधीकडे दिली, तो वाटेत आजारी पडला, त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली. प्रतिनिधीला स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो का? क्लिंटन काउंटीतून पेटी आणणाऱ्याकडे शेरीफाचं लेखी अधिकारपत्रच नव्हतं. ही काउंटी अगदी उत्तरेला, चार वर्षांपूर्वी वेगळी केलेली, आणि नाव दिलेलं खुद्द गव्हर्नरसाहेबांचं. त्यांच्याच नावाच्या काउंटीची मतं त्यांच्याच निवडणुकीत न मोजता बाजूला ठेवली गेली.

समितीला कोडं सुटेना. निदान सुटू द्यायचं नव्हतं, असं म्हणू. न्यूयॉर्कचे अमेरिकन सिनेटमधले दोन प्रतिनिधी, रुफस किंग आणि अ‍ॅरन बर, दोघेही नाणावलेले वकील, त्यांच्याकडे प्रश्न धाडला गेला. किंग फेडरलिस्ट. त्यांचं म्हणणं: नवा माणूस सूत्रं हाती घेईपर्यंत जुना शेरीफच शेरीफ, आणि तसं नसलं तरी जो प्रत्यक्षात पदाचं काम करतो आहे त्याची कृती लोकांच्या हितासाठी वैध धरायची असते. मतदाराचा हक्क राखणारा अर्थ लावा. बर यांचं म्हणणं: घटना म्हणते शेरीफ दरवर्षी नेमायचा, म्हणजे वर्ष संपलं की अधिकार संपला, जुना माणूस चालू राहतो ही इंग्लंडमधली रीत तिथल्या कायद्यातून आली आहे, इथे तसा कायदा नाही, आणि स्मिथ यांनी दुसरं पद घेतलं, तेव्हा आपण शेरीफ नाही हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. मतं बाद.

बर यांची बाजू वाचताना मला नेहमी पंचाईत होते. ती वाईट नाही. निव्वळ कायद्याच्या अंगाने पाहिलं तर ती बरीच घट्ट आहे. मतं शेरीफानेच आणली पाहिजेत या नियमाला कारण होतं. दोनशे मैलांच्या कच्च्या वाटेवर पेटी कोणाकडे होती, रात्री कुठे ठेवली, किल्ली कोणाकडे, याचा जाब विचारता येईल असा एकच जबाबदार माणूस हवा, म्हणून हा नियम. आमच्या शिक्षकी पेशातल्या ज्यांनी निवडणुकीची ड्युटी केली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. सतरा-सी नमुन्यातली बेरीज एकाने चुकली म्हणून मी एकदा साहित्य जमा करण्याच्या केंद्रावर रात्री दोनपर्यंत बसलो आहे. तेव्हा चिडलो होतो, पण बेरीज बघणारा माणूस बरोबर होता. एका केंद्राचं यंत्र एकाच माणसाच्या नावावर असलं पाहिजे.

फरक पुढे आहे. माझी बेरीज चुकली, तेव्हा मला पुन्हा करायला लावली. माझ्या केंद्रावरच्या साडेआठशे मतदारांना त्यासाठी कोणी घरी पाठवलं नाही. कुंपण शेतासाठी असतं. ऑट्सेगोत कुंपण जागच्या जागी होतं, मोडलेलंही फारसं नव्हतं, आणि तरी शेत साफ झालं. मत देताना तिथल्या शेतकऱ्याने कुठला नियम मोडला होता? स्मिथची मुदत कधी संपते हे त्याने कुठे जाऊन बघायचं होतं? आपल्या १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ही गाठ बऱ्यापैकी सोडवली आहे: मत चुकीने घेतलं किंवा चुकीने नाकारलं गेलं, तर त्याने निकालावर खरोखर परिणाम झाला का ते उच्च न्यायालय बघतं. १७९२च्या न्यूयॉर्कात बघायला कोणी नव्हतं. कायद्याने समितीच्या बहुमताचा निर्णय अंतिम ठरवला होता. वर कोर्ट नाही, अपील नाही.

आणि समितीत कोण? विधिमंडळात बहुमत क्लिंटन-पक्षाचं, म्हणून समितीतही त्यांचंच. त्यांच्यात मेलँक्टन स्मिथ होते, १७८८च्या पकिप्सी अधिवेशनात नव्या घटनेविरुद्ध सर्वांत तल्लख युक्तिवाद करणारे आणि अखेर पटल्यावर तिच्या बाजूने मत देणारे. मत बदलण्याची हिंमत असलेला माणूस. त्याने इथे मत बदललं नाही. सात जण बर यांच्या बाजूने गेले, चौघांनी लेखी विरोध नोंदवला. बंद पेट्या उघडल्या गेल्या नाहीत आणि पुढे ती मतं नष्ट झाली. त्यांत नेमकं काय होतं ते आज कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्या सातांना लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझ्या मते त्यांतल्या निदान काहींचा बर यांच्या युक्तिवादावर खरा विश्वास बसला असावा. आपल्या फायद्याचा कायदा पटायला माणसाला लबाड व्हावं लागत नाही. तो आपोआप पटतो, आणि प्रामाणिकपणे पटतो. पेटी उलट्या बाजूची असती तर किंग आणि बर यांनी आपापली टिपणं अदलाबदल करून वाचली असती, अशी शंका मला राहून राहून येते.

बातमी फुटली तेव्हा न्यूयॉर्क पेटलं. सभा झाल्या, ठराव झाले, लोकांनी खरा गव्हर्नर जॉन जे यांनाच निवडलं आहे असे जयघोष झाले. कोणी म्हणालं, राज्यभराचं अधिवेशन भरवून निकाल उलटवू. सोळा वर्षांपूर्वीच एक राजा उलटवलेली ही माणसं. उलटवण्याची त्यांना सवय होती. जे त्या वेळी सरन्यायाधीश म्हणून न्यू इंग्लंडमध्ये दौऱ्यावर होते. पत्नी सारा जे यांनी घरून त्यांना सगळी हकीकत लिहिली. जे यांचं उत्तर शांत होतं: थोड्या वर्षांत आपण सगळेच मातीला मिळणार, तेव्हा राज्यावर सत्ता चालवली यापेक्षा स्वतःवर सत्ता चालवली हे मला जास्त मोलाचं वाटेल. परतीच्या वाटेवर गावोगाव लोक स्वागताला आले, न्यूयॉर्क शहरात मिरवणुकीने त्यांना घरी नेलं, पण त्यांच्या तोंडून चिथावणीचा शब्द आला नाही.

सारा मूळच्या लिव्हिंगस्टन घराण्यातल्या. त्याच घराण्यातले रॉबर्ट लिव्हिंगस्टन, राज्याचे चॅन्सेलर, नव्या केंद्र सरकारात आपल्याला काही मिळालं नाही म्हणून रुसून क्लिंटन यांच्या छावणीत गेले होते. सोयरीक आणि राजकारण यांची गणितं तिथेही आपल्यासारखीच चुकत असत.

दोन माणसांच्या प्रतिक्रिया लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. थॉमस जेफरसन हे फेडरलिस्टांचे विरोधक, क्लिंटन त्यांच्या बाजूचे. तरी जूनमध्येच त्यांनी खासगी पत्रात लिहिलं की बहुमत बहुधा विरुद्ध असताना क्लिंटन यांनी पद धरून ठेवणं अप्रतिष्ठेचं आहे. जाहीरपणे मात्र ते बोलले नाहीत. अलेक्झांडर हॅमिल्टन जे यांच्या बाजूचे, क्लिंटन यांचे हाडवैरी. संताप त्यांनीच करायचा. त्यांनी किंग यांना बजावलं की निषेध करा, पण खळबळ इतकी वाढवू नका की नंतर आवरायची म्हटलं तर आवरणार नाही. अधिवेशनाची कल्पना त्यांना पसंत नव्हती. मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाचं हे शहाणपण होतं.

मग सगळं हळूहळू निवलं. १७९३च्या सुरुवातीला असेंब्लीने समितीचं वर्तन निर्दोष ठरवलं. ज्यांचं बहुमत त्यांचा निर्वाळा. विल्यम कूपरविरुद्धची चौकशीही त्याच सुमारास झाली आणि बारगळली. क्लिंटन यांनी मुदत पुरी केली आणि १७९५मध्ये पुन्हा उभे राहिले नाहीत. मधल्या काळात, १७९२च्या अखेरीस, देशाच्या उपाध्यक्षपदासाठी त्यांना ५० निर्वाचक मतं पडली होती. ऑट्सेगोच्या डागाने त्यांचं फार काही बिघडलं नाही. १८०१मध्ये ते पुन्हा गव्हर्नर झाले, पुढे देशाचे उपाध्यक्ष झाले आणि त्याच पदावर १८१२ साली वारले.

१७९५मध्ये जे निवडून आले तेही गमतीदार रीतीने. ब्रिटनशी तह करायला ते लंडनला गेले होते. परत आले तेव्हा कळलं, मागे आपल्याला गव्हर्नर करून ठेवलं आहे. हरवलं कोणाला? रॉबर्ट येट्स यांना. सहा वर्षांपूर्वी क्लिंटन यांना दमवणारे तेच येट्स आता क्लिंटन-पक्षाचे उमेदवार होते. जे यांनी सरन्यायाधीशपद सोडलं आणि सहा वर्षं राज्य केलं. १७९९मध्ये न्यूयॉर्कच्या क्रमशः गुलाममुक्तीच्या कायद्यावर सही त्यांचीच. त्या कायद्याने त्या दिवशी कोणीही मुक्त झालं नाही. पुढे जन्मणारी मुलं पंचविशी-अठ्ठाविशी गाठल्यावर मुक्त व्हायची. १७९२च्या त्या मधल्या उत्तरासारखाच कायदा.

आणि मग १८०० सालचा मे. न्यूयॉर्क विधिमंडळाची निवडणूक नुकतीच झाली होती. राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे बारा निर्वाचक हे विधिमंडळ नेमणार होतं. शहरात मोर्चेबांधणी केली होती अ‍ॅरन बर यांनी, घरोघर जाऊन, एकेक नाव यादीत उतरवून. आणि फेडरलिस्ट सपशेल हरले होते. नवं विधिमंडळ बाराही मतं जेफरसन यांना देणार हे उघड होतं. मात्र जुन्या, फेडरलिस्ट विधिमंडळाची मुदत अजून काही आठवडे शिल्लक होती.

७ मे रोजी हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जे यांना पत्र लिहिलं. जुन्या विधिमंडळाची तातडीची बैठक बोलवा, निर्वाचक आता जिल्हावार लोकांनी निवडावेत असा कायदा करून घ्या. म्हणजे बारापैकी काही तरी आपल्याकडे राहतील. हे पूर्णपणे कायदेशीर होतं. गव्हर्नरला बैठक बोलावण्याचा अधिकार होता, विधिमंडळाला कायदा करण्याचा होता, आणि वरवर पाहता तर मत लोकांच्याच हाती जाणार होतं. अशा बिकट वेळी औचित्याचे बारीक संकोच आड येऊ देऊ नयेत, असा हॅमिल्टन यांचा युक्तिवाद. आठ वर्षांपूर्वी किंग यांना सबुरी शिकवणारे तेच हॅमिल्टन.

जेफरसन अखेर ७३ विरुद्ध ६५ मतांनी जॉन अ‍ॅडम्स यांच्या पुढे गेले. न्यूयॉर्कच्या बारांतली पाच जरी अ‍ॅडम्स यांच्याकडे वळली असती, तर आकडे झाले असते ६८ आणि ७०.

जे यांनी बैठक बोलावली नाही. त्यांनी ते पत्र घेतलं आणि त्याच्यावर, दप्तराच्या नोंदीसारखा, एक शेरा लिहिला: पक्षाच्या कामासाठी सुचवलेला उपाय, जो स्वीकारणं मला शोभणार नाही. मग पत्राची घडी करून ते इतर कागदांत ठेवून दिलं.